गोव्यातल्या फोंड्यात एकच दिवस असेल तर असा फिरा

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की सगळ्यांचं ठरलेलं असतं, मंगेशीचं देऊळ बघितलं, म्हार्दोळचं बघितलं, कवळे केलं की फोंडा झाला. अहो झाला नाही, अर्धाच झाला!

पहिलं म्हणजे पणजीहून सकाळी सातच्या आत निघा, साधारण तीस किलोमीटर आहे, भाड्याची स्कूटर घेतलीत तर उत्तम नाहीतर कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी बस आहेच, पण बसने आलात तर पुढे खांडेपारच्या गुंफांना रिक्षा करावी लागेल आणि भाडं आधीच ठरवून घ्या. वाटेत मंगेशी आणि म्हार्दोळ दोन्ही लागतात. गर्दी व्हायच्या आत दर्शन घ्या, म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळासमोरचा पितळी दीपस्तंभ नीट बघा, खाली कासव आहे, बरेच जण फोटो काढतात आणि कासव बघायचंच विसरतात.

इथे इतकी देवळं का, तर सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बारदेसात पोर्तुगीजांनी देवळं पाडली तेव्हा लोक मूर्ती घेऊन नदीपलीकडे इथे अंत्रुजात, म्हणजे या फोंडा भागात आले. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो थेट 1763 च्या सुमारास. हे डोक्यात ठेवून फिरलात तर देवळं वेगळीच दिसतात.

मग फर्मागुडी. महाराजांनी 1675 मध्ये फोंड्याचा किल्ला घेतला पण मूळ किल्ल्याचं आता फारसं काही दिसत नाही, त्यामुळे अपेक्षा बेताची ठेवा, जवळच गोपाळ गणपती आहे तो करा आणि पुढे सरका. शहरात नाश्ता, बन आणि पातळभाजी, मग साफा मशीद. 1560 ची, आदिलशाही. इथे मशिदीपेक्षा मला बाजूची तळी जास्त आवडते, चिऱ्याच्या पायऱ्या आणि भिंतीत कमानींचे छोटे कोनाडे, दहा मिनिटं नुसतं बसा, आवाज करू नका.

आता खरी गंमत, खांडेपार. बेळगावच्या रस्त्याने पाचेक किलोमीटर, मग आत झाडीत जांभ्या दगडात कोरलेल्या चार गुंफा. दरवाजे इतके ठेंगणे की वाकूनच जावं लागतं, माझ्या मामेभावाने पहिल्याच गुंफेत कपाळ आपटून घेतलं आणि दिवसभर कोकम लावत बसला. आत गेलात की मोबाईलचा टॉर्च छतावर मारा, कोरलेलं कमळ दिसेल. टॉर्च नसेल तर काळोख बघून परत याल. पावसात चिरा शेवाळतो, चप्पल नको, बूट घाला, जळवा असतात म्हणून मोजे पण.

मुलं असतील तर पुढे बोंडला, छोटंसं अभयारण्य, फक्त आठ चौरस किलोमीटर, गुरुवारी बंद असतं बरं का. नाहीतर सरळ मोलेमच्या बाजूने तांबडी सुर्ला गाठा, कदंब राजांच्या काळातलं काळ्या बेसॉल्टचं महादेवाचं देऊळ, शेजारी नदी, आतल्या नंदीचं डोकं तुटलेलं आहे, पाठीवर हात ठेवलात तर दगड कायम गारच लागतो. निघायच्या आधी पेट्रोल फोंड्यातच भरा आणि काळोख पडायच्या आत परत फिरा, जंगलातला रस्ता आहे.