गोव्याच्या खाऱ्या हवेत महागडा चाकू: या चुका टाळा

मे महिन्यात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला मी माझा डी२ पोलादाचा घडीचा चाकू घेतला. टोपलीभर भिरंडं झाली, हात लालभडक झाले, पातं पंचाला पुसलं आणि चाकूची घडी घालून फडताळात टाकला. आठ दिवसांनी उघडायला गेलो तर आतून कुरकुर आवाज. पात्याच्या मुळाशी तांबेरा, धारेवर काळे ठिपके. गंमत म्हणजे ‘डी२ जवळजवळ स्टेनलेसच असतं’ हे मीच चार जणांना सांगत फिरलो होतो. तेव्हापासून पेडण्यातले मित्र आपापले बिघडलेले चाकू माझ्याकडे आणून टाकतात. त्यांतल्या बहुतेकांच्या पोलादात खोट नसते. निवडताना नाहीतर वापरताना काहीतरी चुकलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्रोमियमचा आकडा बघून चाकू घेणं. डी२ मध्ये क्रोमियम सुमारे १२ टक्के, मॅग्नाकट नावाच्या पोलादात १०.७. आकड्यांवर गेलं तर डी२ वरचढ ठरायला हवं, पण गंजतं तेच. कारण त्यात कार्बन दीड टक्का असतो. तो क्रोमियमला धरून कार्बाइडचे टणक कण बनवतो आणि त्या कणांत अडकलेलं क्रोमियम गंजाशी लढायला उरत नाही. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने आखलेलं मॅग्नाकट २०२१ मध्ये बाजारात आलं. त्याची रचनाच अशी, की कार्बनने संसार करावा व्हॅनेडियम आणि नायोबियमशी, क्रोमियम मोकळं राहावं. एम३९० या पोलादात तर क्रोमियम २० टक्के, पण त्यातलंही बरंचसं कार्बाइडमध्ये जातं. एलसी२००एन याने वाटच बदलली: कार्बन जेमतेम ०.३ टक्के, उरलेलं काम नायट्रोजनकडे. मासळी, होडी, मीठपाणी हा रोजचा व्यवहार असेल तर मी डोळे झाकून तेच सांगतो. धार थोडी लवकर जाते, पण दहा मिनिटांत परत लागते.

आणि ‘पावडरचं पोलाद आहे, गंजणार नाही’ हा आणखी एक गैरसमज. पावडर ही बनवण्याची पद्धत. तिने कार्बाइडचे कण बारीक आणि एकसारखे होतात, बस. सीपीएम एम४ पावडरचंच आहे आणि त्यात क्रोमियम ४ टक्के. जूनमध्ये गोव्यात त्याचं काय होतं ते सांगायला नको.

मग येतात धार किती टिकते याचे तक्ते. त्यामागची कॅट्रा नावाची चाचणी यंत्रावर होते: वाळूचे कण मिसळलेला कागद पातं कापत जातं आणि किती कापला ते मोजतात. त्यात एस९०व्ही, म्हणजे ९ टक्के व्हॅनेडियमवालं पोलाद, खूप पुढे असतं. पुठ्ठे आणि दोर कापणाऱ्याला ते पटेलही. पण आमची धार नुसती झिजून जात नाही. कैरी, लिंबू, भिरंड यांचं आम्ल धारेची अगदी टोकाची कड खातं. डोळ्यांना गंज दिसतही नाही, चाकू मात्र बोथट. ‘काही कापलं नाही तरी धार गेली’ अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, शेवटचं काय कापलं होतं आणि धुतलं कधी?

त्याच एस९०व्हीने एकाने अडसर, म्हणजे शहाळं, फोडायचा प्रयत्न केला. धारेचे तीन टवके उडाले. कार्बाइड भरपूर म्हणजे चिवटपणा कमी. अडसराला कोयताच लागतो, यात चर्चा कसली.

धार लावतानाच्या चुका जास्त चिवट. घरातला साधा दगड बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो आणि व्हॅनेडियम कार्बाइड त्याहून कठीण. एस३०व्हीत ४ टक्के व्हॅनेडियम असतं, तिथवर चिकाटीने जमतं. एस९०व्हीवर मात्र तासभर घासून हात दुखतात. डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी, घ्या. दुसरं लक्षण: चाकू पहिल्या दिवशी केस उडवतो, दुसऱ्या दिवशी टोमॅटोवरून घसरतो. ती धार नव्हतीच, धारेवर राहिलेली बर, म्हणजे घासताना कडेला वळलेली धातूची बारीक किनार, होती. कापसाच्या बोळ्यावरून धार हळूच ओढून पाहा. तंतू अडकला की तिथे बर आहे. अगदी हलक्या हाताने, आलटूनपालटून एकेक घासा मारत ती काढायची आणि मग चामड्याचा पट्टा.

ग्राइंडरवाल्याकडे असा चाकू देऊ नका. ठिणग्या उडताना धारेची कड क्षणात तापते. ती निळी पडली की समजा, तिथलं पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कठीणपणा, उतरलं. हा भाग हाताने थोडा थोडा झिजवून काढला की खालचं चांगलं पोलाद पुन्हा लागतं.

पाणी हा शब्द आला म्हणून सांगतो: नाव एकच असलं तरी दोन कारखान्यांचे चाकू सारखे निघत नाहीत. पाणी कसं दिलंय त्यावर सगळं. मॅग्नाकट साधारण ६२ ते ६४ रॉकवेलला (कठीणपणाचं माप) खुलतं. कठीणपणाचा आकडाच न सांगणारा आणि किंमत निम्मी असलेला चाकू मी घेत नाही.

पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ओल धरते. खोबरेल तेलाचा मोह होतो, पण बिजागरीत ते धूळ धरून चिकट होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन बरं. आणि तांबेरा दिसला की पात्याला दोष देण्याआधी स्क्रू आणि लॉकची पट्टी बघा. पातं एलसी२००एनचं आणि स्क्रू साधे, असं मी स्वतः पाहिलंय.

माझ्या डी२ला असं आणलं वळणावर: कोमट गोड्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, त्यात बुडवून वीस-पंचवीस वेळा उघडझाप. लाल पाणी यायचं थांबेपर्यंत. मग पंख्याखाली रात्रभर उघडा ठेवला, बिजागरीत पॅराफिनचा एक थेंब. तांबेरा तेल आणि बारीक स्टील वूलने गेला. धारेलगतचे दोन खड्डे राहिले आहेत, ते आणखी पाचसहा वेळा धार लावली की जातील.