आग्नेय आशियात क्रूझवर जायचंय? मग आधी बंदरं बघा

क्रूझचं माहितीपत्रक हातात आलं की डोळे आधी जहाजाच्या फोटोंवर जातात. पोहण्याचे तलाव, घसरगुंड्या, रात्रीचे शो. मग भाडं. बंदरांच्या नावांवरून नजर नुसती फिरते: सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, हो ची मिन्ह सिटी, हनोई. ओळखीची नावं, त्यात काय विचारायचं! पण मोठी क्रूझ जहाजं यातल्या सिंगापूरलाच शहरालगत लागतात. बँकॉकचं जहाज लागतं लाएम चाबांगला, तिथून बँकॉक रस्त्याने दोन तास. हो ची मिन्ह सिटीचं फू मीला, हनोईचं हा लाँगला, क्वालालंपूरचं पोर्ट क्लांगला. म्हणून पैसे भरण्याआधी प्रत्येक बंदर नकाशावर शोधा आणि शहराचं अंतर मोजा. बाकी सगळं त्यानंतर.

तासांचा हिशेब

फू मीचंच घ्या. समजा, पत्रकात लिहिलंय: आगमन सकाळी ७, प्रस्थान संध्याकाळी ६. वाटतं, अकरा तास मिळाले. जहाज धक्क्याला लागलं तरी स्थानिक अधिकाऱ्यांचे सोपस्कार उरकेपर्यंत कोणालाही उतरता येत नाही. बस हलेपर्यंत आठ वाजतात. शहर साधारण ७० किलोमीटरवर, पण वाटेतली वाहतूक बघता दोन तास धरा. दहा वाजले. प्रस्थान सहाचं असलं तरी सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ त्याआधी अर्धा-एक तास असते. पाच धरा. एक तास हाताशी ठेवायचा म्हणजे दुपारी दोनला शहर सोडायला हवं. अकराचे उरले चार तास, आणि जेवणही त्यातच.

चार तासांत दोन ठिकाणं नीट बघून होतात. माझी निवड म्हणजे युद्ध अवशेष संग्रहालय, आणि व्हिएतनाम युद्ध संपलं त्या दिवशी, ३० एप्रिल १९७५ रोजी, ज्याच्या फाटकातून उत्तर व्हिएतनामचे रणगाडे आत घुसले तो स्वातंत्र्य प्रासाद. दोन्ही एकमेकांपासून चालत जाण्याइतके जवळ आहेत. कू चीचे बोगदे मात्र शहराच्या पार पलीकडे. फू मीहून तिथे जायचं म्हणजे दिवस बसमध्येच गेला.

याच्या अगदी उलट मलेशियातलं पेनांग. तिथे जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की जॉर्ज टाउन सुरू. हे जुनं शहर मलाक्कासोबत २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. टॅक्सीवाले गराडा घालतील. मान हलवून पुढे चला. आधी कॉर्नवॉलिसचा किल्ला, मग क्वीन स्ट्रीटवरचं १८३३ सालचं महामरिअम्मन मंदिर. तिथून आर्मेनियन स्ट्रीट. भिंतीवर रंगवलेली दोन मुलं आणि भिंतीला टेकवलेली खरीखुरी सायकल, त्यापुढे फोटोसाठी रांग. रांगेत उभं राहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पुढे किनाऱ्याला च्यू जेट्टी: पाण्यात रोवलेल्या खांबांवरची लाकडी घरं, एकाच आडनावाच्या चिनी कुटुंबांची वस्ती. फळ्यांमधल्या फटींतून खाली समुद्र दिसतो. घरांत माणसं राहतात, तेव्हा दारातून डोकावू नका. हे सगळं चालत, रमतगमत तीन-चार तासांत होतं आणि जहाज कधी नजरेआड गेलंच तर थोड्या वेळात पुन्हा दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने पेनांग असलेला मार्ग निवडावा, असं मी तरी सांगेन.

व्हिएतनामच्या मध्यभागी चान मे नावाचं बंदर लागतं. ह्यू एका बाजूला, दा नांग आणि होई आन दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे जाऊ म्हणाल तर धड एकही होणार नाही. हा लाँगला पोचल्यावर हनोईचा हट्ट सोडा: जाऊन-येऊन पाच तास, आणि ज्या खाडीसाठी लोक हनोईहून इकडे येतात ती तुमच्या खिडकीबाहेरच असते. त्या दिवशी गजर लावून उजाडायच्या आत डेकवर जा. धुक्यातून चुनखडीचे डोंगर एकेक करून पुढे येतात, तेव्हा डेकवर कोणी बोलत नाही.

काही ठिकाणी जहाजाला धक्काच मिळत नाही. जहाज दूर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात. थायलंडमधल्या फुकेतचा पातोंग किनारा आणि को सामुई बेट, इंडोनेशियातलं कोमोडो इथे असंच चालतं. टेंडरची रांग जाताना एक तास खाते आणि येताना अर्धा. आजी-आजोबा बरोबर असतील किंवा कोणाचे गुडघे दुखत असतील, तर हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो हे आधीच लक्षात घ्या.

मोसम

इथे दोन पावसाळे आहेत आणि ते एकाच वेळी सगळीकडे नसतात. फुकेत, मलेशियाचं लंकावी, पेनांग या पश्चिम बाजूला साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस आणि लाटा. पातोंगला समुद्र उसळला की टेंडर बंद, म्हणजे फुकेत रद्दही होऊ शकतं. नोव्हेंबर ते एप्रिल इकडे उत्तम. को सामुईला नेमका ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, आणि मध्य व्हिएतनामला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येतात. डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे दक्षिण चिनी समुद्र चांगलाच हलवतो. मलाक्काची सामुद्रधुनी मात्र सुमात्राच्या आडोशाला असल्यामुळे बहुधा शांत असते. ज्यांना बस लागते त्यांनी सिंगापूर, पेनांग, फुकेत अशी तीन-चार रात्रींची फेरी करून बघावी आणि व्हिएतनाम पुढच्या खेपेला ठेवावं.

हवेमुळे बंदर वगळायचा अधिकार कप्तानाचा. त्याबद्दल हाती येतात ते फार तर बंदर शुल्काचे पैसे. बुकिंगच्या अटींत हे लिहिलेलं असतं. कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा. आणखी एक: काही छोट्या सहली कुठल्याच बंदराला न थांबता समुद्रात फिरून परत येतात. जहाजासाठीच जायचं असेल तर उत्तम, नाहीतर पत्रक पुन्हा वाचा.

केबिन आणि खरा खर्च

तीन रात्रींसाठी खिडकी नसलेली आतली केबिन पुरते. झोपायला आणि आंघोळीलाच तिथे येणार असता. आठवडाभराची व्हिएतनाम फेरी असेल तर बाल्कनीचे पैसे हा लाँगमध्ये वसूल होतात. समुद्र लागणाऱ्याने खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागावी. जहाजाचा आराखडा उघडून वर-खाली काय आहे तेही बघा. तलावाच्या बरोबर खालची केबिन मिळाली तर पहाटे पाचपासून डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचे आवाज. माझी एक सहल त्या आवाजाने उठण्यात गेली.

छापलेलं भाडं माणशी असतं आणि एका केबिनमध्ये दोघं धरून. एकट्याने जायचं तर बहुतेकदा जवळजवळ दोघांचं भरावं लागतं. वर बंदर शुल्क, कर आणि टिप. बऱ्याच जहाजांवर टिप माणशी रोज १५ ते २० अमेरिकी डॉलरच्या आसपास असते आणि जहाजावरच्या तुमच्या खात्यावर आपोआप चढते. चौघांचं कुटुंब, चार रात्री: गुणाकार करून बघा. इंटरनेट, मद्य, खास रेस्टॉरंट आणि बंदरावरच्या सहली वेगळ्या. एवढं मिळवून मग दोन जहाजांची तुलना करा. स्वस्त वाटलेलं कधीकधी महाग निघतं. प्रवास विमा घेताना समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते विचारा. जैन किंवा पूर्ण शाकाहारी जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच नोंदवा.

व्हिसा

सगळ्यात जास्त सहली इथे बुडतात. नियम साधा आहे: जहाज ज्या ज्या देशात थांबणार, त्या प्रत्येकासाठी लागणारी कागदपत्रं हवीत. ‘आम्ही व्हिएतनामला उतरणारच नाही’ हे चालत नाही. कंपनी चढूच देणार नाही. पासपोर्टला किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी.

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागतो. जहाज निघालं म्हणजे तुम्ही सिंगापूर सोडलं, परत आलात की नव्याने प्रवेश. त्यामुळे व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते तपासा. सिंगापूरचं ऑनलाइन आगमन कार्डही दोनदा भरायचं: विमानाने जाताना आणि जहाजाने परतताना, प्रत्येक वेळी पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. व्हिएतनामचा ई-व्हिसा अर्जात प्रवेशाचं ठिकाण निवडायला लावतो. सवयीने हात विमानतळाकडे जातो. तिथे यादीतून तुमचं बंदर निवडा. मलेशिया आणि थायलंडने भारतीयांना व्हिसामाफी दिली आहे, पण अशा सवलती मुदतीच्या असतात आणि बदलतात. शिवाय दोन्ही देशांची स्वतःची डिजिटल आगमन कार्डं आहेत. तुमच्या फेरीला नेमकं काय लागेल ते जहाज कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर छापून जवळ ठेवा. एजंटने फोनवर ‘काही लागत नाही’ म्हटल्याचा धक्क्यावर काही उपयोग नसतो.

चढण्याचा दिवस

विमानाने आदल्या दिवशीच पोचा. विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही. सिंगापुरात दोन क्रूझ टर्मिनल आहेत: मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीत बसण्याआधी तिकिटावरचं नाव वाचा. मरीना बेला सर्वात जवळचं मेट्रो स्टेशन मरीना साउथ पिअर, पण मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच बरी.

मोठ्या बॅगा टर्मिनलवर ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. औषधं, चार्जर, चश्मा, पोहण्याचे कपडे, मुलांच्या कपड्यांची एक जोडी हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. तलाव दुपारीच रिकामा असतो, आणि नेमका तेव्हाच तुमचा पोशाख कुठल्यातरी लिफ्टमध्ये असतो. इस्त्री, विजेची किटली, साधा एक्स्टेंशन बोर्ड जहाजावर चालत नाही. तपासणीत काढून ठेवतात. ई-सिगारेट घरीच ठेवा, सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे ती बेकायदा आहे.

सुरक्षा कवायत चुकवू नका. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटून कलंडलं तेव्हा नव्याने चढलेल्या अनेकांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेतात.

धक्का सुटायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि ते बिल भलतंच असतं.

बंदरावर

घड्याळ हा इथला खरा घोळ. सिंगापूर आणि मलेशिया एका वेळेवर, थायलंड आणि व्हिएतनाम त्याच्या एक तास मागे. जहाज कधी स्वतःची वेळ बदलतं, कधी बदलत नाही. फुकेतला उतरलात, फोनने थायलंडचं नेटवर्क पकडलं आणि स्वतःच काटा एक तास मागे नेला. तुम्ही चार वाजले म्हणून शहाळं पीत बसलाय आणि जहाजावर पाच वाजलेत. साधं मनगटी घड्याळ बरोबर न्या, ते जहाजाच्या वेळेवर ठेवा आणि त्याला हात लावू नका. परतायची वेळ जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकात आणि उतरण्याच्या दाराशी लिहिलेली असते. तिचा फोटो काढून घ्या.

सहल जहाजाकडून घ्यावी की स्वतः फिरावं? पेनांगसारख्या ठिकाणी स्वतः. फू मी, लाएम चाबांग, हा लाँग अशा लांबच्या बंदरांत जहाजाची महागडी बस परवडते, कारण ती वाहतुकीत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. स्वतः जायचंच असेल तर चालकाशी जाऊन-येऊन भाडं ठरवा आणि पैसे परत आल्यावर द्या.

पासपोर्ट बहुधा जहाज स्वतःकडे ठेवतं. त्याच्या पहिल्या पानाची प्रत, जहाजाचं कार्ड आणि थोडी स्थानिक रोकड, रिंगिट, बाट किंवा डाँग, एवढं खिशात असू द्या. देवळांसाठी खांदे-गुडघे झाकतील असे कपडे. शाकाहारी असाल तर व्हिएतनाममध्ये ‘चाय’ म्हणा. चहा येणार नाही. तिकडे तो शब्द शाकाहारी जेवणाचा आहे. थायलंडमध्ये ‘जे’. नुसतं ‘मांस नको’ म्हटलंत तर भाजीत माशाचा सॉस असणारच.

उतरताना

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खुणेची पट्टी लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी टर्मिनलवर मिळतात. बॅग बाहेर ठेवण्याआधी दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला आणि औषधं काढून घ्या. नाइट ड्रेसवर इमिग्रेशनच्या रांगेत उभा असलेला एक तरी माणूस मी दर वेळी पाहिलाय. खात्याचं बिल त्याच रात्री तपासा, सकाळी त्या काउंटरवर अर्ध्या जहाजाची रांग असते. मलेशियाहून सिंगापूरला येणाऱ्याला मद्याची ड्यूटी-फ्री सवलत मिळत नाही, तेव्हा लंकावीची स्वस्त बाटली घेताना विचार करा. परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या, आणि सिंगापूरचं दुसरं आगमन कार्ड शेवटच्या बंदरावर, नेटवर्क असताना भरून टाका.