घरची पिकअप खोलताय? या चुका टाळा

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की तासगाव भागात दारोदारी पिकअपखाली कुणीतरी आडवं झालेलं दिसतं. स्वतः काम करायला माझा अजिबात विरोध नाही, माझीही गाडी मीच खोलतो. पण दरवर्षी तीच चूक बघून जीव जळतो. मूळ बिघाड तसाच ठेवायचा आणि त्याच्यावर नवं सामान चढवायचं. उजेड कमी पडतोय? मोठे बल्ब बसवा. गाडी मागून बसलीय? जादा पाटा (मागच्या स्प्रिंगची लोखंडी पट्टी) टाका. उजेड कमी का झाला, गाडी का बसली, हे बघायला कुणाला सवड नसते.

माझ्या मावसभावानं असेच ६०/५५ वॅटचे (लांबचा/जवळचा उजेड) बल्ब काढून १००/९० चे बसवले. वायरिंग जुनंच. दोनदा फ्यूज उडाला, तर त्यानं १५ च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज घातला. मी म्हटलं, "अरं, फ्यूज उडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय." तो म्हणाला, "दादा, आता माल भरायचाय, आल्यावर बघू." वाशीला माल उतरवून रिकामी गाडी घेऊन येताना खंबाटकीच्या चढाला आधी जळका वास आला आणि मग दोन्ही हेडलाइट एकदम गेल्या. पाठीमागं ट्रकांची रांग, समोर वळण. गाडी कडेला लागली हे नशीब. उजाडेपर्यंत तो तिथंच थांबला. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्ड खोलला तर लाइटच्या स्विचचं प्लास्टिक वितळून वायरींना चिकटलेलं.

हिशोब सोपा आहे. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा आठाच्या वर. दोन्ही मिळून सोळा-सतरा. ते सगळं एका बारक्या स्विचमधून जाणार. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तो वाढवला की फ्यूजच्या आधी वायर जळते.

आणि मुळात त्या गाडीला मोठे बल्ब लागतच नव्हते. जळालेली वायरिंग बदलून कंपनीच्याच मापाचे बल्ब घातले, मग इंजिन चालू ठेवून, लाइट लावून मी मल्टिमीटर धरला. बॅटरीवर १३.८ आणि बल्बच्या होल्डरवर जेमतेम १२ व्होल्ट. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड साधारण तीस टक्के घटतो. दोष अर्थिंगच्या गंजक्या बोल्टात होता. पॉलिश पेपरनं घासला, व्हॅसलिन लावलं आणि बॅटरीपासून रिले टाकून दिले, म्हणजे बल्बचा करंट त्या बारक्या स्विचमधून जात नाही. आता मी कुणाच्याही लाइटला हात लावण्याआधी मीटर काढतो. मीटर नसेल तर कामच करत नाही.

दुसरं दुखणं पाट्यांचं. गाडी एका बाजूला झुकली तर आधी पाटे पुसून बारकाईनं बघा. एखादा तडकलेला असतो, नाहीतर मधला बोल्ट तुटून पाटे सरकलेले असतात. ते न बघता जादा पाटा टाकला की नवा पाटाही लवकर जातो. शिवाय ज्या पिकअपला मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे, तिथं धोका आणखी मोठा. या व्हॉल्व्हची दांडी मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते आणि चासी (गाडीचा सांगाडा) किती खाली दबली त्यावरून तो भार ओळखतो. जादा पाट्यांनी चासी वरच राहिली, तर माल भरलेला असतानाही व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजून मागचा ब्रेक कमी देतो. उतारावर सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. काहीजण ती दांडी तारेनं वर बांधून टाकतात, मग खरोखर रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात लॉक होतात. हे सेटिंग गेज लावूनच करायचं असतं. मी स्वतः ते घरी करत नाही, तुम्हीही करू नका. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र दरवेळी नवे घ्या. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर ते पुन्हा आवळा.

डिझेल फिल्टर बदलून लगेच सेल्फ मारत बसू नका. डिझेलचा हातपंप कडक होईपर्यंत दाबून हवा काढा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, त्याचा क्षार आत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. हौद्याला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. चाकाचे नट समोरासमोर आवळा, गोल फिरत नाही, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा बघा.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जाऊ नये, मग काम दोन मिनिटांचं का असेना. आपल्या काळ्या मातीत जॅक हळूहळू रुततो, कळतही नाही. खाली जाड फळी टाका, चासीला घोडे (लोखंडी टेकू) लावा, पुढच्या चाकांना दगड द्या. मागची दोन्ही चाकं उचलली की हँडब्रेक गाडी धरू शकत नाही, कारण तो मागच्याच चाकांना लागतो.

रविवारी संध्याकाळी ब्रेक खोलायला बसू नका. सोमवारी पहाटे माल भरायचा असतो आणि एक स्प्रिंग तुटली तर दुकान बंद. सकाळी बसा, सामान आधी आणून ठेवा, आणि एका वेळी एकाच बाजूचा ड्रम काढा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे विसरलात, तर दुसऱ्या बाजूचा ड्रम काढून बघता येतं.