बाहेरच्या इंजिनिअरला नेटवर्कमध्ये घेताना

बेळगावच्या उद्यमबागेत आमची फौंड्री आहे. भट्टी, तीन सीएनसी (संगणकावर चालणारी कटाईची यंत्रं), टॅलीचा म्हणजे हिशेबाचा एक सर्व्हर, आणि संगणकाचं सगळं बघणारी मी एकटी. मशीन अडलं की पुण्याहून किंवा बेंगळुरूहून इंजिनिअर यायला दिवस मोडतो, म्हणून त्याला तिथूनच आत घ्यावं लागतं. पूर्वी मीही फोनवर पासवर्ड सांगून मोकळी व्हायचे. मग एकदा लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं त्याची नोंद, चाळताना दिसलं, एका व्हेंडरकडची नोकरी आठ महिन्यांपूर्वी सोडलेल्या मुलाचं खातं आमच्या सर्व्हरवर अजून चालू होतं. काही गेलं नव्हतं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन २०२१ साली अशाच एका वापरात नसलेल्या व्हीपीएन (बाहेरून नेटवर्कमध्ये यायची खासगी वाट) खात्यामुळे बंद पडली. त्या खात्याला पासवर्डापलीकडे दुसरी तपासणीच नव्हती.

तेव्हापासून मी आधी प्रवेश काढून घ्यायची तारीख लिहिते, मगच प्रवेश देते. साधी वही पुरते: माणसाचं नाव, कोणतं मशीन, कशासाठी, कधीपर्यंत. कंपनीच्या नावाने एकच खातं काढू नका. चार जण तेच वापरतात आणि नंतर कुणी काय केलं ते कळत नाही.

आता राउटर उघडा. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे बाहेरून आतल्या मशीनकडे वाट देणाऱ्या नियमांत, ३३८९ दिसला तर तो नियम आजच काढा. तो रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून विंडोजचा पीसी चालवायचा दरवाजा, आणि जगभरातून त्यावर सतत टकटक चालू असते. नंबर बदलून ३३९० केला तरी शोधणाऱ्याला तो सापडतोच.

त्याऐवजी वायरगार्ड हे व्हीपीएन बसवा. जुन्या पीसीवर लिनक्स टाकून चालतं, मायक्रोटिक राउटरच्या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीतही ते आहे. इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, मात्र घेतलेला बरा. प्रत्येक माणसाला वेगळी किल्ली आणि वेगळा पत्ता द्या, समजा १०.८.०.५.

इथे बरेच जण चुकतात, म्हणून सावकाश सांगते. इंजिनिअरच्या लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये ‘अलाउड आयपी’ म्हणून एक ओळ असते. तिथे एकाच मशीनचा पत्ता घातला की तो तेवढ्यापुरताच राहील असं वाटतं. पण ती फाइल त्याच्या हातात आहे, तो ती ओळ बदलू शकतो. आपल्या बाजूची तशीच ओळ फक्त त्याचा स्वतःचा पत्ता पक्का करते, तो कुठे जाऊ शकतो हे ठरवत नाही. खरा अडसर आपल्या फायरवॉलमध्येच घालावा लागतो: १०.८.०.५ वरून आलेल्याला फक्त सीएनसीच्या पीसीपर्यंत, तेही एकाच पोर्टवर जाऊ द्या, बाकी सगळं बंद. सीएनसी आणि टॅली वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागांत, ठेवलेत तर हा नियम दोन ओळींत होतो.

वायरगार्डला मुदत कळत नाही. काम संपलं की किल्ली हाताने काढा, नाहीतर शेड्युलरला लावून द्या. विंडोजच्या खात्याला मात्र ‘नेट युजर’ आदेशात ‘एक्सपायर्स’ जोडून शेवटची तारीख देता येते. ते खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर गटात घालू नका, कितीही मागणी झाली तरी.

एनीडेस्क या लांबून पडदा चालवायच्या अ‍ॅपवर अडून बसणारा व्हेंडर असतोच. मग ‘अनअटेंडेड’, म्हणजे इथे कुणी होकार न देता मिळणारा, प्रवेश बंद ठेवा. दर वेळी आपल्या माणसाने ‘स्वीकारा’ दाबायचं आणि काम संपेपर्यंत पडद्यासमोर बसायचं. आमच्या शिफ्ट सुपरवायझरसाठी हे मी मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून मशीनजवळ चिकटवलंय. प्रवेश मागणारा फोन आला तर तो ठेवायचा आणि एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावरच्या नंबरवर आपण परत लावायचा, हेही त्यात आहे. समोरचा कितीही गोड कन्नड बोलला तरी.

लॉग १८० दिवस जपा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तसं आहे, आणि घुसखोरी कळली की सहा तासांत त्यांना कळवायचं हेही.

शेवटी तपासणी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर घेते, त्यात चाचणीची किल्ली घालते, तिला व्हेंडरचेच नियम लावते, आणि मुद्दाम टॅलीचा सर्व्हर उघडून बघते. तो उघडला नाही की वहीत तारीख घालून सही करते.