दुहेरी अक्षरांचे नाणे: दोष ठशातला की यंत्राच्या धक्क्याचा?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या एका स्नेह्यांनी ‘डबल डाय’ (दुहेरी ठशाचे) म्हणून एक रुपयाचे नाणे पुष्कळ पैसे मोजून घेतले होते. त्यावरील वर्षाचे आकडे खरोखरच दुहेरी दिसत होते. पण ती दुहेरी छटा नाणे पाडणाऱ्या यंत्राच्या धक्क्याची होती, ठशाची नव्हती, आणि अशा नाण्याला संग्राहक सहसा दर्शनी किमतीपेक्षा अधिक देत नाहीत.

हा भेद कळण्यासाठी ठसा कसा तयार होतो ते आधी समजून घ्यावे. उठावाचे चित्र असलेला मूळ साचा पोलादी ठशावर दाबून त्यात खोलगट चित्र उमटवले जाते. पूर्वी एका दाबात पुरेशी खोली मिळत नसे, म्हणून ठसा तापवून मऊ करून पुन्हा दाबावा लागे, आणि दुसऱ्या वेळी साचा किंचित सरकला तर ठशातच दोन चित्रे कोरली जात. त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष त्याच जागी येतो. अमेरिकेचा 1955 सालचा एक सेंट याचेच प्रसिद्ध उदाहरण आहे. याउलट, नाणे पाडताना ठसा सैल असला तर आघातानंतर तो थरथरतो किंवा सरकतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची बाजू घासून खाली दाबतो.

परीक्षणासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एकाच बाजूने येणारा उजेड पुरेसा आहे. नाणे पुसू नये; हळूहळू फिरवत पाहावे, कारण एकाच कोनातली चमक फसवते.

प्रथम अक्षराची रुंदी पाहावी. माझ्या मते निम्मा निकाल येथेच लागतो. खऱ्या दुहेरी ठशात अक्षरात भर पडते, त्यामुळे ते शेजारच्या साध्या नाण्यावरील अक्षरापेक्षा जाड दिसते आणि दोन्ही प्रतिमा गोलसर, उठावदार असतात. यंत्राच्या धक्क्यात मात्र अक्षराचीच धातू खर्ची पडते; मूळ अक्षर बारीक होते आणि त्याच्या पायथ्याशी सपाट, चकाकती पायरी दिसते. तुलनेसाठी त्याच वर्षाचे, त्याच टांकसाळीचे साधे नाणे जवळ ठेवल्याशिवाय हा अंदाज करू नये.

त्यानंतर रोमन अक्षरांची टोके, म्हणजे रेघांच्या शेवटी असलेले छोटे आडवे फाटे (सेरिफ), तपासावीत. दुहेरी ठशात टोकांशी दोन प्रतिमा फाटून मध्ये स्पष्ट खाच पडते, तर यंत्राच्या धक्क्यात टोक केवळ खाली दाबलेले असते. देवनागरी अक्षरांत अशी टोके नसल्याने शिरोरेषेच्या आणि कान्याच्या शेवटांवर लक्ष द्यावे.

टांकसाळीचे चिन्हही बरेच काही सांगते, मात्र ते ठशावर स्वतंत्रपणे ठोकले जात असल्याच्या काळातील नाण्यांपुरतेच. 1969 सालच्या सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या खऱ्या दुहेरी सेंटवर वर्ष आणि अक्षरे दुहेरी आहेत, पण चिन्ह दुहेरी नाही. ज्यांवर चिन्हही त्याच दिशेने दुहेरी दिसते, ती बहुतेक यंत्राच्या धक्क्याची असतात.

बडोद्याच्या घरांतील जुन्या पेट्यांमधून निघणाऱ्या, हातोड्याने पाडलेल्या गायकवाडी पैशांना ही कसोटी लावू नये. अशा नाण्यावर दोन घावांमध्ये चकती सरकली तर संपूर्ण चित्रच दोनदा उमटते; त्याला दुहेरी आघात म्हणतात, आणि तो ठशाचा दोष नव्हे. सयाजीराव महाराजांचा चेहरा असलेले यंत्रावर पाडलेले रुपये मात्र वरील पद्धतीने तपासता येतात.

शेवटी, त्याच ठशाचे दुसरे नाणे शोधावे. दुहेरीपणा तंतोतंत तोच आढळला तर ठशाच्या बाजूने भक्कम पुरावा मिळाला. एका नाण्यावर डावीकडे आणि दुसऱ्यावर उजवीकडे दिसला, तर ठशाचा संशय सोडावा.