परदेशी विद्यार्थी वर्षभर घरी ठेवताय? या चुका टाळा

रोटरी यूथ एक्स्चेंज या रोटरी क्लबच्या विद्यार्थी-अदलाबदल कार्यक्रमातून वर्षभरासाठी येणारी मुलं १५ ते १९ वयाची असतात. ठेवून घेणाऱ्या घराला त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि मूल सहसा वर्षभरात दोन-तीन घरं बदलतं. पुण्यात अशा घरांमध्ये जाऊन-येऊन एक नक्की कळलंय: कुरबुरी होतात त्या हयगय झाल्यामुळे कमी आणि पाहुणचार अती झाल्यामुळे जास्त.

जेवणाचंच बघा. काकू गरम पोळी घेऊन उभ्या, मूल 'नको' म्हणतंय. आपल्याकडे पहिलं 'नको' कुणी खरं मानत नाही. त्याच्याकडे नको म्हणजे नको. एका घरी आलेली जर्मन मुलगी ताटात टाकायचं नाही म्हणून रोज चौथी पोळी संपवायची आणि रात्री पोट धरून बसायची. काकू सगळ्यांना सांगत होत्या, हिला माझ्या पोळ्या फार आवडतात. त्यापेक्षा पोळ्यांचा डबा आणि भाजीचं पातेलं टेबलावर ठेवा, त्याचं तो वाढून घेईल. बाहेरची पाणीपुरी पहिले काही आठवडे नकोच. घर शाकाहारी असेल तर क्लबला अर्ज भरतानाच सांगा.

पहिले पंधरा दिवस जावयासारखे लाड, आणि मग 'हा साधं ताटही उचलत नाही' ही तक्रार तर नेहमीचीच. तुम्ही उचलू दिलंय कुठे? दुसऱ्या दिवसापासून बाटल्या भरणं, कपडे वाळत घालणं, असं एखादं काम त्याच्या नावावर लावा.

पहिल्या संध्याकाळी, कितीही अवघड वाटलं तरी, बाथरूम नीट दाखवा: गीझरचं बटण, बादली-मग, जेट, टॉयलेट पेपर कुठे टाकायचा, पाणी किती वाजता जातं. घरात पाळीचं काही पाळत असाल तर मुलगी यायच्या आधीच क्लबला कळवा. मग ती दुसऱ्या घरी गेली तर तेच बरं. आणि आजींना सांगा, दार बंद म्हणजे रुसवा नाही. टकटक करायची, उत्तर येईपर्यंत थांबायचं.

आपल्या दहावीतल्या चिरंजीवांचं इंग्रजी सुधारेल या हिशेबाने कुणी मूल ठेवून घेत असेल, तर त्यांनी क्लास लावावा. स्वस्त पडेल.

कागदपत्रं

परदेशी व्यक्ती राहायला आली की २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरायची असते. सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात. 'क्लबने भरला असेल' किंवा 'आधीच्या घराने भरलाय' या भरवशावर राहू नका. मूल तुमच्याकडे आलं की तुमच्या पत्त्यावरची नोंद वेगळी. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती पहिल्याच दिवशी काढून घ्या. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणीही असते. ती कोण करणार हे आधीच ठरवा. इथलं बँक खातं नसेल तर आपलं नेहमीचं यूपीआय त्याला चालत नाही, म्हणून सुट्टे पैसे जवळ असू द्या.

'एक राउंड मारू दे ना'

दारात स्कूटर असते आणि मूल सतरा वर्षांचं असतं. रोटरीच्या नियमांत गाडी चालवणं, दारू, ड्रग्ज आणि डेटिंग या चारही गोष्टींना मनाई आहे. सोसायटीच्या आवारात, रविवारी, रस्ता मोकळा असतानाही नाही. मागे बसवायचं असेल तर क्लबचा नियम विचारून घ्या, आणि हेल्मेट हवंच. महाबळेश्वरला नेतानाही क्लबची परवानगी लागते. 'आम्ही घरचेच आहोत' हे इथे चालत नाही.

मूल गप्प झालं तर

जुलै-ऑगस्टमध्ये आलेलं मूल गणपती, नवरात्र, दिवाळी या धामधुमीत बरं असतं. कठीण जातो तो नंतरचा काळ, विशेषतः नाताळ. तेव्हा आणखी चार नातेवाइकांकडे फिरवू नका, झोपू द्या. रोज तासन्‌तास घरच्यांशी फोनवर असेल तर फोन काढून घेऊ नका. ठरावीक वेळ त्याच्याशी बोलून ठरवा. प्रत्येक मुलामागे क्लबचा एक समुपदेशक असतो आणि तो यजमान घरातला नसतो, तेव्हा मूल तुमच्याबद्दलही त्याच्याशी बोलू शकतं. मुलाने समुपदेशकाला फोन केला तर मनाला लावून घेऊ नका. महिनाभर जमलंच नाही तर तुम्हीच समुपदेशकाला कळवा. घर बदलता येतं. आधीही बदललेली आहेत.