कार ट्रान्सपोर्टने पाठवताय? ऑनलाइन बुकिंगच्या या चुका टाळा

नागपूरच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बिल्ट्या, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावत्या, बनवतो. आम्ही कार नेत नाही, आमचा माल वेगळा, त्यामुळे मला कोणाचा धंदा वाढवायचा नाही हे आधीच सांगून ठेवतो. पण दर काही दिवसांनी कोणीतरी दारात येऊन मोबाईल पुढे करतं, "भाऊ, हे ऑफिस इथंच आहे ना?" मोबाईलवर चकाचक वेबसाइट, ट्रेलरवर पांढऱ्या गाड्यांची रांग, आणि पत्ता काय तर 'अमरावती रोड, वाडी, नागपूर'. ना गाळा नंबर, ना बिल्डिंगचं नाव. अहो, अमरावती रोडला ट्रान्सपोर्टवाले इतके आहेत की तिथला पत्ता कोणीही टाकावा आणि तो खपून जावा. आणि लोक पत्ता शोधायला येतात कधी, तर गाडी गेल्यावर. आधी ॲक्टिव्हाला किक मारून अर्धा तास आले असते तर काय बिघडलं असतं?

सगळ्यात स्वस्त कोटेशनवर उडी मारणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. तुम्ही कुठल्यातरी साइटवर 'नागपूर ते बंगळुरू' टाकून फॉर्म भरता, दहा मिनिटांत फोन सुरू होतात, कारण तो नंबर एकाच वेळी बऱ्याच जणांना गेलेला असतो. त्यातले बरेच नुसते दलाल. दलाल म्हणजे चोरच असं नाही, पण ज्याच्याकडे स्वतःचा ट्रेलर नाही तो तुमची गाडी कोणाच्या हातात देईल हे त्यालाही आज माहीत नसतं. आता डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता सगळ्यांना सारखाच लागतो, त्यामुळे खऱ्या रेटमध्ये फरक दोन-तीन हजारांचा असतो. कोणी निम्म्यात करून देतो म्हणत असेल तर उरलेले निम्मे तो गाडी ताब्यात आल्यावर काढणार आहे.

मनीषनगरच्या एका पोराचं असंच झालं. बंगळुरूला नोकरी लागलेली, सोमवारी जॉइनिंग, आणि गाडीचं बुकिंग करतोय गुरुवारी रात्री. बाकीच्यांनी पंधरा ते अठरा हजार सांगितले, एक जण साडेसात म्हणाला, वर क्लोज्ड कंटेनर, घरापासून घरापर्यंत, इन्शुरन्स फ्री. यानं लगेच दोन हजार टोकन यूपीआयनं टाकले. दुसऱ्या दिवशी चप्पल घातलेला एक माणूस आला, म्हणे ट्रेलर बुटीबोरीला उभा आहे, तुमच्या गल्लीत शिरत नाही, मी गाडी तिथपर्यंत चालवत नेतो. आता गंमत अशी की यात खोटं काहीच वाटत नाही, मोठा ट्रेलर खरंच वस्तीत येत नाही, चांगल्या कंपन्याही गाडी यार्डापर्यंत चालवतच नेतात. म्हणून यानं किल्ली दिली आणि बॅगा भरायला घेतल्या.

संध्याकाळी फास्टॅगचे मेसेज यायला लागले. बोरखेडी. मग दारोडा. मग केळापूर. म्हणजे गाडी कंटेनरमध्ये चढलीच नव्हती, तो माणूस हैदराबाद रोडनं ती सरळ हाणत चालला होता. फोन केला तर, "सर, ट्रेलर पुढे निघून गेला, त्यालाच गाठून राहिलो." दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच नंबरवरून फोन, गाडी हैदराबादच्या यार्डात आहे, अठरा टक्के जीएसटी भरा, इन्शुरन्सचं नऊ हजार डिपॉझिट भरा, ते रिफंडेबल आहे, तेलंगणाचा एन्ट्री टॅक्स भरा. एन्ट्री टॅक्स २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाच त्यात गेला हो! पण गाडी त्यांच्याकडे आणि जॉइनिंग डोक्यावर, यानं थोडे थोडे करत भरले. शेवटी गाडी पोचली, बंपर फाटलेला, आणि एकूण पैसे अठरा हजारवाल्यापेक्षा जास्त गेले. मीटर किती पळालं हे सिद्ध करायला जाताना काढलेला फोटो नाही. सुट्टीत आला तेव्हा तो पत्ता शोधत आमच्या दारात आला होता भांडायला. पाणी पाजलं, बसवलं, दुसरं काय करणार.

यावर माझा उपाय काही फार हुशारीचा नाही. किल्ली देण्याआधी एकच व्हिडिओ काढायचा, न थांबवता, त्यात मीटर, पेट्रोलचा काटा, चारही बाजू, टायर, आणि गाडी नेणाऱ्याचा चेहरा. त्याला राग आला तर येऊ द्या. शक्य असेल तर मागोमाग यार्डापर्यंत जायचं आणि गाडी ट्रेलरवर चढताना, ट्रेलरची नंबर प्लेट दिसेल असा फोटो घ्यायचा. प्लेटचा नंबर आदल्या दिवशीच मागून एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाकून बघायचा. एका माणसाला आलेला 'ट्रेलरचा नंबर' तिथे चक्क मोपेडचा निघाला, पण त्यानं बघितला कधी तर गाडी गेल्यावर! आणि बाकीचे पैसे गाडी ट्रेलरवर चढलेली डोळ्यांनी बघेपर्यंत द्यायचे नाहीत, काही भाग तर पोचल्यावरच. यात दोन दिवस जास्त जातात. जाऊ द्या ना. ट्रेलर पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे 'उद्या सकाळी पिकअप, परवा डिलिव्हरी' म्हणणाऱ्याकडे तसंही ट्रेलर नसतोच.

जीएसटी नंबर दिसला की समाधान मानणं

वेबसाइटच्या तळाशी नंबर आहे म्हणजे कंपनी खरी, असं म्हणणारे रोज भेटतात. नंबर कोणाचाही उचलून टाकता येतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये तो टाका, लॉगिन लागत नाही, फुकट आहे, मिनिटभराचं काम. तिथे नाव, पत्ता, रजिस्ट्रेशनची तारीख, आणि ॲक्टिव्ह आहे की कॅन्सल हे दिसतं. वेबसाइट म्हणते वीस वर्षांचा अनुभव आणि रजिस्ट्रेशन चार महिन्यांपूर्वीचं, तर काय ते समजून घ्या.

आणखी एक बघायची सवय मला काउंटरवर बसून लागली. नंबर पंधरा आकडी-अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र म्हणजे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यामुळे पूर्ण नंबरातलं सहावं अक्षर बघा, कंपनी असेल तर तिथे 'सी' असतो, एकट्या माणसाचा असेल तर 'पी'. नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड लावलंय आणि सहावं अक्षर 'पी' निघालं, तर मी तिथेच फोन ठेवतो. 'आयबीए अप्रूव्ड'चा शिक्का तर सगळेच लावून राहिले आजकाल. बँकांच्या त्या असोसिएशनची ट्रान्सपोर्टवाल्यांची यादी असते, त्यात नाव शोधा, शिक्क्याकडे बघू नका.

बाकीच्या, पटापट

पैसे टाकताना यूपीआयवर जे नाव दिसतं ते वाचा. कंपनीच्या नावाऐवजी कोणा माणसाचं नाव आलं तर थांबा. 'रिफंड येतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणणाऱ्याला शिवी घातली तरी चालेल, पैसे घ्यायला पिन लागत नाही.

गाडी ट्रॅक करायला व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवली तर इन्स्टॉल करू नका. ट्रॅकिंग हवं तर ड्रायव्हरचा नंबर घ्या.

ओरिजिनल आरसी देऊ नका, झेरॉक्स पुरते. नुसती गाडी वाहून न्यायला आरटीओची एनओसी लागत नाही, ती लागते गाडी तिकडे रजिस्टर करायची असेल तेव्हा. ई-वे बिल म्हणजे माल नेताना जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, स्वतःच्या वापरातल्या घरगुती सामानाला त्यातून सूट आहे, त्याच्या नावाखाली पैसे मागितले की पुढचं बोलणंच बंद करा.

डिकीत मिक्सर, गाद्या, पुस्तकं कोंबून पाठवू नका. हरवलं तर इन्शुरन्स देत नाही आणि ट्रान्सपोर्टवाला हात वर करतो.

'इन्शुरन्स फ्री' ऐकलं की सर्टिफिकेट मागा, त्यावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि तुमच्या गाडीचा नंबर पाहिजे. बिल्टीवर बारीक अक्षरात 'ओनर्स रिस्क', म्हणजे नुकसान झालं तर ते मालकाचं, असं छापलंय का तेही बघा. मी स्वतः बिल्ट्या बनवतो, ते बारीक अक्षर कोणी वाचत नाही हे मला पक्कं माहीत आहे.

फसलातच तर

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, लगेच म्हणजे जेवण झाल्यावर नाही. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत कळवलं तर बँकेत अडवता येतात. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाका. गाडी अडवून पैसे मागत असतील तर आणखी पैसे न टाकता बिल्टी, चॅट आणि कॉलचं रेकॉर्डिंग घेऊन पोलीस स्टेशनला जा. बरेचदा पोलिसांचा एक फोन गेला की गाडी सुटते.

आणि गाडी पोचली पण ठोकलेली निघाली, तर सही करायच्या आधी बिल्टीच्या त्यांच्या कॉपीवरच काय तुटलंय ते पेनानं लिहा आणि त्याचा फोटो घ्या. नुकसानीसाठी कोर्टात जायचं असेल तर त्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस द्यावी लागते, त्याला कायद्यानं बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस आहेत. रात्री अंधारात डिलिव्हरी घेऊ नका, ड्रायव्हर घाई करतो, त्याला पुढचं गिऱ्हाईक असतं. सकाळपर्यंत थांब म्हणा, नाहीच ऐकलं तर मोबाईलचा टॉर्च लावून चारही बाजू बघा, तोपर्यंत त्याला चहा सांगा.